नसलेल्या ग्रुपाची ओळख

माझी उमेदीची सगळी वर्षं एका नसलेल्या गोष्टीच्या मागे गेली. रडगाणं गात नाहीये, कामच तसं होतं. चौकोनी फरशी किती तऱ्हांनी फिरवली तरी तशीच दिसते, असल्या फिरवाफिरवीचा हिशोब म्हणजे ग्रुप. सरांचं म्हणणं असं, की अमुक एका जातीचा ग्रुप असूच शकत नाही. हे सिद्ध करायची आमची रीत उफराटी. आधी धरून चालायचं की तो आहे, आणि तसल्यांतला सगळ्यांत लहान घ्यायचा. मग त्याचे एकेक गुण काढत जायचं, कुठेतरी दोन गुणांचं भांडण लागेपर्यंत. भांडण लागलं की संपलं, तो नाहीच.

सर म्हणजे माझे पीएचडीचे गाईड. ते रिटायर झाले तरी दर रविवारी सकाळी मी विद्यानगरहून मलकपेठेत त्यांच्या घरी जायचे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे. मी काही ढिसाळ लिहिलं की सर ओरडायचे, "अगं, डोकं घरी ठेवून आलीस का?" काकू आतून म्हणायच्या, "हौ, ओरडा अजून! जन्माला न आलेल्यापायी जित्या पोरीचा जीव घ्या."

बाहेर तेव्हा ज्याचे त्याचे पाय कॉम्प्युटरकडे वळले होते. माझ्यानंतरची दोन मुलं पीएचडी अर्धवट टाकून सॉफ्टवेअरमध्ये गेली. धाकटा भाऊही तिकडेच, कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन बसलेला. तो म्हणायचा, "ताई, त्या ग्रुपांचं काय लोणचं घालायचंय? एक कोर्स कर, मी चिकटवतो कुठेतरी." असा राग यायचा! हे पूर्ण झालं की दोघांच्या नावावर छापू, असं सर म्हणाले होते. मला तेवढंच हवं होतं.

गुण निघत गेले. तो ग्रुप असण्याची एकेक शक्यता मिटत गेली आणि शेवटी एकच उरली. ती काही केल्या मिटेना. अशात सरांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यातून घरी आल्यावर म्हणाले, "मी जायच्या आत संपव बाई हे." त्यांनीच सांगितलं म्हणून परदेशातल्या एका प्राध्यापकाला मी आम्ही काढलेले गुण लिहून पाठवले, उरलेल्या शक्यतेचं काही सुचतंय का म्हणून. आमच्या डिपार्टमेंटमध्ये नुकतीच ईमेलची सोय आली होती. त्यासाठी एसीच्या खोलीत, तेही चपला बाहेर काढून जायचं.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. त्याने ते गुण कॉम्प्युटरला दिले होते आणि कॉम्प्युटरने तसा ग्रुप बांधून दाखवला होता. तो होता. आम्ही जे नाही म्हणत होतो, ते होतं. मी सगळं हाताने तपासलं. कुठेतरी खोट निघू दे म्हणून देव पाण्यात ठेवून बसले. निघाली नाही.

रविवारी गेले. माझ्या तोंडाकडे बघूनच सरांनी विचारलं, "काय गं?" मी सांगून टाकलं. टेबलावरचे कागद त्यांनी एकावर एक सरळ लावले. मग म्हणाले, "केवढा आहे?" मी आकडा सांगितला. मग एकेक गुण विचारत गेले. हा आहे? आहे. आणि तो? तोही आहे, सर. आम्ही काढलेलं सगळंच्या सगळं त्याला लागू होत होतं. सर हसले, जुनं ओळखीचं माणूस दारात आल्यासारखे. "बघ, चुकलो कुठेच नाही आपण," म्हणाले, आणि एकदम रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काकू पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

शांत झाल्यावर सर म्हणाले, "तुझी वर्षं घेतली मी. कॉम्प्युटर शिकून घे आता. अजून वय आहे."

वर्षांचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. तोंडातून भलतंच निघालं.

"मग रविवारी मी कुठे यायचं, सर?"

"येत जा की," ते म्हणाले. "चहाला."

सर होते तोवर जात राहिले. चहा व्हायचा, औषधांचं बोलणं व्हायचं, आणि अर्ध्या तासात मी परत निघायचे.