वडाळ्याच्या बुलडोझरची केस

पोलीस जमादार छाती काढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. "साहेब, या माणसानं अख्खं डांबर नांगरून टाकलं."

हा माणूस म्हणजे माझा अशील सावंत, राहणार लालबाग. वडाळ्याला मिठागराच्या जमिनीत भराव घालण्याचं काम चालू होतं, तिथे तो बुलडोझर चालवायचा. बुलडोझरला टायर नसतात, लोखंडी पट्टे असतात. म्हणून तो सार्वजनिक रस्त्यावर चालवायला बंदी. नुसता रस्ता ओलांडायचा असेल तर खाली फळ्या अंथरून ओलांडता येई. सावंतने तेच केलं होतं. पण दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे. बंदोबस्तावरच्या जमादाराला वाटलं, हा रस्ता अडवायला आलाय. झालं, नाक्यावरच धरला त्याला आणि मशीन जप्त केली.

केस पुकारण्याआधी सावंत रडकुंडीला आला होता. "साहेबानू, लायसन गेलां तर माका कोण कामाक ठेवतलो?"

"अरे, रडतोस काय? फळ्या होत्या ना?"

"होत्यो."

"मग जप्त मशीन पोलीस ठाण्यात गेली कशी?"

त्याने सांगितलं आणि मला तर देवच पावला.

मी उलटतपासणीला उठलो. "जमादार, मुद्देमाल, म्हणजे जप्त मशीन, आता कुठे आहे?"

"ठाण्याच्या आवारात."

"ट्रेलरवर घालून आणली?"

"ट्रेलर कुठला आणणार? आरोपीनंच चालवत आणली."

"आपल्या मनाने?"

जमादार घुटमळला. "मी सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो."

"आणि फळ्या?"

"त्या राहिल्या तिथंच."

"उखडलेलं डांबर कुठून कुठपर्यंत?"

"नाक्यापासून ठाण्यापर्यंत," तो पुटपुटला.

मागच्या बाकांवर हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेब एरवी फार कडक, पण त्यांनीही चष्मा पुसायला घेतला. "म्हणजे आरोपी स्वतः गेला तिथे ओरखडा नाही, आणि तुम्ही नेलंत तिथे रस्ता गेला?"

जमादाराने मान खाली घातली. स्वतःच्याच हाताने त्याने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सावंत निर्दोष सुटला. लायसन हातात पडलं तेव्हा तो मधल्या पॅसेजमध्येच माझ्या पाया पडायला वाकला. खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. त्या दिवशी दादरभर मी कॉलर ताठ करून हिंडलो.

नव्या वकिलांना मी एवढंच सांगतो. कलमं पाठ करा, जरूर करा. पण जप्तीची केस आली की आधी विचारा, मुद्देमाल ठाण्यात पोचला कसा.