हरूदादाने प्लग का काढला

हरूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दादाचा मुलगा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले. छातीत कळ आली, रिक्षात बसवेपर्यंत सगळं संपलं." मी आधी रडले नाही, आधी चिडले. सख्ख्या बहिणीशी जवळजवळ वर्षभर एक शब्द न बोलता हा माणूस निघून जातो म्हणजे काय? भांडायचं होतं तर माझ्या दारात येऊन भांडायचं होतंस, चार शिव्या हासडायच्या होत्यास, त्या मी ऐकून घेतल्या असत्या... पण नाही. याला आज सव्वा महिना झाला. राग उतरलेला नाही, फक्त तो कोणावर आहे ते आता नीट कळलं आहे.

दादा गेल्यावर भेटायला आलेले लोक म्हणत होते, किती शांत, किती प्रेमळ. साफ खोटं. दादा तिरसट होता. सांडोरला आमची केळीची आणि भाजीची वाडी, विहिरीवर रॉकेलवर चालणारं इंजिन, आणि शाळा सोडून त्या इंजिनापाशी वाढलेला माझा हा मोठा भाऊ. पुढे गावातल्या सगळ्या वाड्यांमधली इंजिनं तोच बघायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मध्ये कोणी बोललं की खेकसायचा, "गप! तुजा आवाज नाय ऐकायचा मना." मालक तासभर काय बिघडलंय ते सांगत असायचा आणि दादा त्याच्याकडे पाठ करून इंजिनाचंच ऐकायचा. माणसांपेक्षा मशीन कमी खोटं बोलतं, असं त्याचं मत होतं. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

त्याची एक पद्धत होती. एखादं इंजिन चालवण्याजोगं नसेल, तर तो त्याचा प्लग, म्हणजे आत ठिणगी पाडणारा बोटाएवढा भाग, काढून स्वतःच्या खिशात घालायचा आणि निघून जायचा. नवा सुटा भाग घेऊन आला, तो बसवला, की प्लग परत जागेवर. सांडोरात लहान पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक होता : प्लग हरूच्या खिशात आहे, म्हणजे मशीनला हात लावायचा नाही. एकदा ऐन उन्हाळ्यात त्याने आमच्याच इंजिनाचा प्लग नेला. केळी माना टाकायला लागली होती. बाबांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, दोन दिवस आम्हा सगळ्यांना कळशीने पाणी ओढायला लावलं, पण दुकानातून दुसरा प्लग आणून बसवला नाही. दुसरा प्लग काय, कुठेही मिळत होता. तो बसवणं म्हणजे हरूला खोटं ठरवणं, एवढं बाबांना कळत होतं. त्या कळशा वाहून माझे खांदे आठवडाभर दुखत होते, म्हणजे मलाही हे चांगलंच ठाऊक होतं.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी विरार पूर्वेला, चंदनसारच्या एका मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मध्यभागी हिरवळ, आणि ती कापायला सोसायटीचं पेट्रोलचं मशीन. गेल्या जानेवारीत ते मशीन विचित्र आवाज करायला लागलं, ठक ठक, जणू आत कोणी हातोडी घेऊन बसलंय. सेक्रेटरींनी बोलावलेल्या माणसाने न उघडताच निकाल दिला, इंजिन गेलं, नवीन घ्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझ्या भावाला दाखवा. तो काय करतो असं विचारलं तर म्हटलं, इंजिनांचा डॉक्टर आहे. बढाई मारायला मी पुढे होते, हे इथे नोंदवून ठेवते.

दादा आला. मशीन सुरू करून थोडं ऐकलं, मग बंद केलं आणि थांबता थांबता होणारा आवाज कान देऊन ऐकला. असं चार वेळा. "इंजिन चांगला हाय," म्हणाला, "खाली बघू." प्लग काढला, मशीन कलतं केलं, मातीत एक काडी रोवली आणि पातं हाताने सावकाश फिरवलं. पात्याचं एक टोक काडीला घासून गेलं, दुसरं बोटभर लांबून. ज्या दांड्यावर पातं बसतं तो दांडाच वाकला होता. गटाराच्या लोखंडी झाकणावर कोणीतरी मशीन घातलं असणार. शिवाय पातं धरून ठेवणाऱ्या तुकड्याला केसाएवढी चीर गेली होती. "हात नाय लावायचा कोनी. पातं सुटून मानूस मरंल. चार दिसांत दांडा घेऊन येतो." असं म्हणून त्याने प्लग खिशात घातला. मी तिथेच उभी होते, आणि प्लग खिशात जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

सव्वीस जानेवारीला हिरवळीवर झेंडावंदन आणि लगेच सत्यनारायण होता, आणि गवत वाढलेलं दिसून चालणार नव्हतं. सेक्रेटरींनी नाक्यावरून दुसरा प्लग मागवला आणि मशीन चालवायला लावलं. दहाव्या मिनिटाला पात्याचा तुकडा सुटला, माळ्याच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला आणि सेक्रेटरींच्याच गाडीच्या दारात घुसला. माळी वाचला, त्याबद्दल कोणी देवाचे आभार मानले नाहीत. गाडीच्या दाराबद्दल मात्र रविवारी मीटिंग लागली. कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं गेलं : बघा, हा माणूस आपला प्लग काढून खिशात घालतोय. चोर आहे. यानेच मशीनमध्ये काहीतरी करून ठेवलं, म्हणजे पुन्हा काम मिळावं. मशीन का चालवलं, असं त्या खोलीत एकानेही विचारलं नाही. इतकी शिकलेली माणसं!

दादा नवा दांडा आणि प्लग घेऊन त्याच मीटिंगला आला होता. त्याने दोन्ही टेबलावर ठेवले. स्वतःची बाजू मांडणं त्याला कधीच जमलं नाही. तो एवढंच म्हणाला, "प्लग कशाला काढला ते नलूला विचारा. तिला ठाव हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं, ऑइलचे डाग पडलेल्या बाहीकडे. "ठाव हाय" ऐकून मागे कोणीतरी फिसकन हसलं होतं, तेही माझ्या कानात होतं. तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेली मी बाई म्हणाले, "मशीनमधलं मला काय कळतं?"

दादाने दांडा उचलला, प्लग तिथेच ठेवला आणि गेला. 'या माणसाला पुन्हा सोसायटीत बोलवायचं नाही' असा ठराव झाला, तेव्हा मी हातही वर केला नाही आणि विरोधही केला नाही. कामाला बोलवायचं नाही, असा त्याचा अर्थ मी सोयीने लावून घेतला. मग मी त्याला फोन केले, त्याने उचलले नाहीत. चार दिवसांनी येईल ताळ्यावर, असं म्हणत मी महिने घालवले. सांडोर काही परदेशात नाही, पण मी गेले नाही. भाऊबीजेला ताट करून बसले, तो आला नाही, तेव्हा तर मी त्याच्यावर इतकी भडकले की दिवाळीनंतर फोनही सोडला. माझी चूक होती आणि रुसून बसले होते मीच, आहे की नाही कमाल?

तो गेल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "फार हुशार कारागीर होते हो." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मग तेराव्याला सांडोरहून दादाचा फ्रेम केलेला फोटो मांडीवर घेऊन रिक्षाने परतले. गेटवर वॉचमनने फोटो पाहिला आणि बिचकत म्हणाला, "मॅडम, इस आदमी को तो अंदर छोडने का नहीं है ना?" मला कळेना. त्याने केबिनच्या आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कॅमेऱ्यातला दादा चिकटवलेला होता, हात खिशात, खाली लाल अक्षरांत 'प्रवेश बंद'. त्या केबिनसमोरून मी रोज दोनदा जाते. आत डोकावून कधी पाहिलं नाही...

"दिवाली में आया था," वॉचमन म्हणाला. "केले का घड था, मिठाई थी. मैंने वो फोटो दिखाया, फिर बोला, मॅडम को फोन लगाता हूँ. बोला, नको, तिला ठाव हाय."

मी त्याच्याकडून जुनी वही मागून घेतली. भाऊबीजेच्या पानावर दादाचं मोठं, वाकडं अक्षर लगेच सापडलं. नाव : हरेश्वर. कोणाकडे : नलू. काम : भाऊबीज. आत येण्याची वेळ दहा चाळीस. बाहेर जाण्याची वेळही त्याने स्वतःच लिहिली होती, दहा बेचाळीस. म्हणजे माझ्या भावाला वाटलं की त्याचा फोटो मीच गेटवर लावू दिलाय. आणि तसं वाटण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मी बारा वाजेपर्यंत निरांजन लावून बसले होते, इथून तीन मजले वर.

केबिनच्या भिंतीवरचा फोटो मी नखांनी खरवडून काढला. वही घरी आणली. वॉचमन मागून "मॅडम, सोसायटी का है" म्हणत आला, त्याला सांगितलं, तुझ्यावर येऊ देणार नाही. वही माझ्या कपाटात आहे. नेताना मी कॅमेऱ्यात दिसत असेनच. या रविवारी मीटिंग आहे, वही चोरीला गेली हा विषय सेक्रेटरींनी घेतला आहे. मीच नेली म्हणून सांगेन. का नेली, तेही सांगेन.