साहेबांचा बॉल आणि आमची मोरी

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने ऑफिसात तोंड उघडावं ते फक्त पोहे खायला. मी उघडलं बोलायला, आणि घरामागचं अंगण कामातून गेलं!

आमच्या इंदूरच्या विमा ऑफिसात साठेसाहेब नवीन आले होते, पुण्याहून. बदल्या त्यांच्या हातात. आणि माझं नाव अनूपपुरसाठी चाललंय अशी हवा होती. अनूपपुर म्हणजे मध्य प्रदेशाचं पार दुसरं टोक. बायकोची शाळेतली नोकरी इथेच, अन्नपूर्णा भागात, मुलगी बारावीत. मी एकटा तिकडे काय करणार? मला तर सकाळी जीरावन मसाला घातलेले पोहे मिळाले नाहीत की दिवसभर चक्कर येते.

एकदा चहाच्या वेळी साहेब म्हणाले, "मला गोल्फचा फार नाद आहे हो. इथे कोणी खेळतं का?"

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं. आणि मी बोलून गेलो, "मी खेळतो ना सर! घरामागे छोटंसं ग्रीन पण आहे."

ग्रीन! म्हणजे ज्यात बॉल घालवायचं भोक असतं ते गुळगुळीत गवत, हा शब्द मला आदल्या संध्याकाळी टीव्हीवर मिळाला होता. गोल्फची काठी जन्मात हातात धरली नव्हती हो!

"अरे वा! मग येत्या रविवारी येतोच."

घरी सांगितलं तेव्हा वैशाली, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पोळ्या लाटत होती. लाटणं हवेतच थांबलं.

"अहो, तुमचं दिमाग ठिकाणावर आहे ना? मागे तर माझी भांडी घासायची जागा आहे!"

"होती," मी म्हणालो.

नकली गवत विकणारा पप्पू टेप घेऊन हजर झाला. "भिया, ऐसा ग्रीन बना देंगे कि साहब घर जाना भूल जाएँगे!"

"और होल?"

"चार इंच से थोड़ा ऊपर. फर्शी तोड़ के नीचे कप बिठाना पड़ेगा."

फरशी फोडायची? मी अंगणाकडे पाहिलं. आमच्या राजेंद्र नगरातली जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. मागे फरशी, एक नळ, कोपऱ्यात मोरीचं भोक, त्यावर जाळी आणि सगळ्या फरशीला उतार त्या भोकाकडे. भोक मोजलं. बरोबर चार इंचाच्या थोडं वर! आता सांगा, तयार भोक असताना दुसरं खणायला मी काय वेडा आहे?

"भिया, क्या दिमाग पाया है!" पप्पू म्हणाला. मला कोणी असं म्हटलं की मी संपलो.

गवत अंथरलं, भोकाभोवती गोल कापलं. नळापुढे मोगऱ्याची कुंडी सरकवली. बॉल नव्हता, म्हणून वडिलांच्या काठीने लिंबू मारून पाहिलं. कुठूनही मारा, लिंबू आपलं गडगडत जाळीवर येऊन बसायचं! मला तर वाटलं, इतकी वर्षं मी उगाच विम्याच्या धंद्यात घालवली.

रविवारी सकाळी माझं लक्ष त्या जाळीकडे गेलं. गंजलेली. साहेब काय म्हणतील? मी ती उपटून काढली.

"अहो, जाळी का काढताय?" वैशाली ओरडली.

"तो होल आहे. मोरी म्हणायचं नाही आजपासून!"

साहेब आले. पोहे-जलेबी झाली. मग त्यांनी पिशवीतून काठी काढली आणि खिशातून मखमली बटवा. बटव्यात बॉल.

"हा माझा लकी बॉल. आयुष्यातली एकमेव स्पर्धा याच्यावर जिंकलोय. मुलांना हात लावू देत नाही."

मारला त्यांनी. पार वाकडा गेला! भिंतीला आपटला, थबकला, आणि मग हळूहळू वळून, एखादी म्हैस संध्याकाळी गोठ्याकडे निघते तसा भोकाकडे निघाला. आणि गेला आत!

"वा! काय ग्रीन आहे!" साहेबांनी दोन्ही हात वर केले.

पण टप्प असा आवाज यायला हवा होता ना? आला तो गड, गड, गड, लांब लांब जाणारा.

साहेबांनी वाकून हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. "अहो, किती खोल आहे हा?"

नेमकं तेव्हाच वैशालीने स्वयंपाकघरात नाश्त्याच्या बशा विसळल्या, आणि तो पाइप याच मोरीत. साहेबांनी घाईघाईने हात बाहेर काढला. तळहातावर पोहे, कोथिंबीर आणि थोडी शेव. ते बराच वेळ त्या शेवेकडे बघत राहिले.

"ही मोरी आहे?"

"सर, आहे तर मोरीच. पण साइज एकदम करेक्ट आहे."

मग मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला, तार घातली, छत्रीचा दांडा घातला. बॉल काही येईना. साहेबांनी साबणाने तीनदा हात धुतले आणि दारात उभं राहून लाल चेहऱ्याने म्हणाले, "माझा बॉल मिळेपर्यंत तुम्ही इंदूर सोडायचं नाही! समजलं?"

एवढी बोलणी खाऊन डोळ्यांत आनंदाचे अश्रू आलेला माणूस तुम्ही पाहिलाय? तो मी! बदल्यांची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं.

पुढे पावसाळ्यात मागचं पाणी तुंबलं. मी वैतागून हात घातला, आणि काहीतरी गोल, बुळबुळीत हाताला लागलं. बाहेर काढलं. तोच!

"मिळाला!" वैशाली टाळ्या वाजवायला लागली. "लावा, लावा साहेबांना फोन!"

मी बॉलकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांसमोर अनूपपुरचं स्टेशन आलं. मी बॉल गवतावर ठेवला आणि वडिलांची काठी उचलली.

"अहो, काय करताय? परत पाणी तुंबेल!"

"तुंबू दे!"

आणि मारला. माझाही पार वाकडा गेला, भिंतीला आपटला, वळला आणि गडगडत आत. खऱ्या बॉलला मारलेला आयुष्यातला माझा पहिला फटका, थेट होलमध्ये! आणि त्यातही माझं कर्तृत्व काय? मोरीचा उतार!