मुद्देमाल कोंबड्याचा कोठडीतला मृत्यू

"डॉक्टर, मान मुरगळली आहे की नाही, तेवढं सांगा," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. "बाकी रिपोर्ट सावकाश द्या."

मी पशुवैद्यक. संगमेश्वर बाजूच्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या पडवीत, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, मी एका कोंबड्याचं पोस्टमॉर्टेम करायला उभा होतो. गेटबाहेर अख्खं गाव जमलेलं. "न्याय मिळालाच पाहिजे!" नोकरीत म्हशी फाडल्या, बैल फाडले, एकदा बिबट्याही फाडला. पण मयताच्या नावाने घोषणा पहिल्यांदाच ऐकत होतो.

झालं होतं असं. कोंबड्यांच्या झुंजीवर धाड पडली. माणसं रानात पळाली, कोंबडा सापडला. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात. कायद्याला कोंबडा काय नि मोटारसायकल काय, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मुक्काम ठाण्यातच. फक्त मोटारसायकल पहाटे आरवत नाही. हा आरवायचा, तेही नाइट ड्यूटी करून जरा डोळा लागलेल्या हवालदार जाधवांच्या कानाशी. एकदा वैतागून जाधव समोरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून गेले, "याची एक दिवस मानच मुरगळतो!" आणि त्याच आठवड्यात कोंबडा पिंजऱ्यात मरून पडला.

व्हॉट्सॲपवर बातमी सुटली: 'पोलीस कोठडीत संशयास्पद मृत्यू'. कोण मेलं ते लिहायचं राहून गेलं. मुंबईहून एका वकिलाने ठाण्यात फोन करून मयताचं वय विचारलं. साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, दीड वर्ष. वकील फोनवरच किंचाळला. मग वरून चौकशी लागली. कोंबडा आहे हे कळल्यावरही लागलेली चौकशी कोण मागे घेतो? जाधवांच्या सस्पेन्शनचा कागद टाइप होऊन आला. फक्त साहेबांची सही बाकी होती.

जाधव कोपऱ्यात उभे होते. रिटायरमेंट तोंडावर आलेली. मला हळूच म्हणाले, "डॉक्टर, बोललो ते खरं. पण रागात बोललेलं सगळं माणूस करतो का?"

मयताची ओळख पटवायला मालक बाबू शिगवण आला होता. साहेबांनी विचारलं, "म्हणजे झुंजीत तू होतास?"

"मी कशाला? माझा कोंबडा तिथं नुसता बघायला गेलेला."

"एकटाच?"

"शाणा हुता वो तो," बाबू म्हणाला आणि एकदम जाधवांकडे बोट दाखवून ओरडला, "यानंच मारलान!"

पंच म्हणून, म्हणजे साक्षीला, टपरीवाला अंकुश होता. जाधवांचं ते वाक्य गावभर पोचवण्याचं पुण्यकर्म त्याचंच.

मी पिसं काढली. मार बसला तर कातडीखाली रक्त साकळतं. कुठेच नव्हतं. मान चाचपली. शाबूत. जाधव पुढे सरकून बघू लागले.

"मग इख घातलानीत!" अंकुश म्हणाला. बाहेर लगेच "विष! विष!" सुरू झालं.

कोंबड्याच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते. आम्ही तिला क्रॉप म्हणतो. भरली तरी हाताला मऊ लागते. याची दगडासारखी कडक झालेली. कापली. आधी निघाला फुगलेला पाव.

"पाव कोणी घातला?"

अंकुश छताकडे बघू लागला. "शिळा हुता. टाकून कशाला द्यायचा?"

पावाखाली मारी बिस्किटांचा लगदा. साहेब घाईघाईने म्हणाले, "डॉक्टर, पुढे बघा." पुढे चपातीचे तुकडे. जाधव खाली मान घालून म्हणाले, "चोचीत काही असलं की आरवत नसे." आणि तळाशी काजूगर, अख्खे.

बाबू मटकन खाली बसला. "खिडकीतनं घालायचो. आत त्याला कोण बघणार, म्हटलं."

दिवसभर हुंदडणारा पक्षी पिंजऱ्यात बसून होता. खाल्लं, वर पाणी प्यायला, सगळं फुगलं, श्वासनलिका दाबली गेली. मारेकरी निम्मे पडवीत होते. उरलेले गेटबाहेर.

पंच म्हणून अंकुशलाच गेटवर पाठवलं. बाहेरून आवाज आला, "कोणी मारलान?"

"कोणी नाय. खाऊन मेला."

"पन खायला घातलान कोणी?"

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "मी आपला एकच लाडू दिलेला." दुसरा म्हणाला, "माझा अर्धाच वडा." पाठोपाठ घोषणा बंद पडल्या आणि लोकांना घरची कामं आठवू लागली.

साहेबांनी तो टाइप केलेला कागद माझ्यासमोर फाडला. जाधव पाण्याचा तांब्या घेऊन बाबूपाशी जाऊन बसले. म्हणाले, "आता पहाटे माझी झोप मोडत नाही रे. बरं नाही वाटत." बाबूने त्यांच्या हातून पाणी घेतलं. मला फार बरं वाटलं.

रिपोर्टात मी 'क्रॉप इम्पॅक्शन', म्हणजे पिशवी तुंबून मृत्यू, असं लिहिलं. आरोपी लिहायला रकाना नव्हता, आणि असता तरी गाव मावलं नसतं. तेव्हापासून कैदेतलं जनावर तपासायला गेलो की जखमा नंतर बघतो. आधी विचारतो, याच्यावर माया कोणाकोणाची आहे?