मागे घेतलेला शोध

चौधरी मॅडमांची आणि माझी पहिली भेट म्हसावदच्या माझ्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात झाली. महाविद्यालयाचा बंद पडलेला वर्णपटमापक घेऊन त्या आल्या होत्या. मॅडम सारंगखेड्याच्या, त्यामुळे बोलणे अहिराणीत. "भाऊ, हाई उघाडता येई का?"

"उघाडता कोनले बी येस. मी बंद बी करस."

मॅडम हसल्या. माझे शिक्षण दहावीपर्यंत. प्रकाशशास्त्र मी त्या यंत्राच्या इंग्रजी पुस्तिकेवरून, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. यंत्र आजही चालते, हे नोंदवलेले बरे. त्यानंतर दगड आणणे, धुणे आणि यंत्र सांभाळणे हे मॅडमांच्या प्रयोगशाळेतले काम माझ्याकडेच आले.

मॅडमांचे काम थोडक्यात सांगतो. दगडावर लेसरचा हिरवा किरण टाकला की परतलेल्या प्रकाशाचा आलेख उमटतो. त्यातल्या उंचवट्यांवरून खनिज ओळखता येते, आणि त्यात सजीवाने सोडलेले काही आहे का, तेही. मंगळावरच्या खनिजांत जीवाची खूण शोधण्याची ही पद्धत मॅडम सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडांवर पारखून घेतात.

एका हिवाळ्यात पांढऱ्या कॅल्साइटवर कॅरोटिनॉइडचे उंचवटे आले. खडकात राहणारे सूक्ष्मजीव हे रंगद्रव्य बनवतात. कित्येक वर्षांच्या कामाचे ते पहिले फळ. मॅडमांचा निबंध पुण्याच्या परिषदेत स्वीकारलाही गेला.

निघायच्या आदल्या दिवशी मी तोच दगड फोडून आतून तपासला. आत नुसते कॅल्साइट. मग आठवले, दगड मी मिरचीच्या रिकाम्या पोत्यातून आणले होते. मिरचीचा लाल रंगही कॅरोटिनॉइडचाच. धुतले होते मीच, पण पाण्याने. आणि हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. हंगामात नंदुरबारकडे मिरचीची धूळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळे सांगून मी माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली. मॅडमांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, "मंगळवर कोन मिरच्या सुकाडी ऱ्हायना, भाऊ? बरं व्हयनं, आपलाच हातमा सापडनं."

परिषदेत त्यांनी निबंध मागे घेतला आणि चूक कशी झाली तेवढेच सांगितले. "नमुने माझ्या ताब्यात होते," एवढेच. माझे नाव नाही. कुणीतरी हसले. मी शेवटच्या रांगेतून उठू लागलो. मॅडमांनी नुसते पाहिले, मी बसलो. परतताना एसटीत त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "टेबलवर इसरी गयथात तुम्ही."

आता दगड स्टीलच्या डब्यातून येतात आणि प्रत्येक फोडूनच तपासला जातो.

मॅडमांनी साठी पूर्ण केली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. एखाद्या दगडाच्या अगदी आत त्यांना तो खरा उंचवटा दिसो. दिसला, तर पहिली शंका मीच घेईन. मॅडमांची माझ्याकडून तीच अपेक्षा आहे.