आरतीत बुडालेली सीट

मला दिसत नाही. फोनमधली बाई पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवते, आणि ती माझ्याइतकीच तोंडाळ आहे. तिच्या भरवशावर मी अंधेरीला बँकेत नोकरी करते, वीजबिल भरते, घरबसल्या बोंबील मागवते. फक्त आमच्या गावच्या मंडळाच्या वेबसाइटपुढे आम्ही दोघी हात टेकायचो.

गणपतीला मंडळाची बस बोरिवलीहून सुटते ती थेट गावात देवळापाशी थांबते. सीट वेबसाइटवरूनच धरायची, आणि बुकिंग उघडलं की बघता बघता बस भरते. गेल्या वर्षी माझी सीट चुलतभाऊ काढणार होता. "तू कशाला डोकं लावतेस? मी आहे ना," म्हणाला, आणि विसरला. ऐन गणपतीत मी मुलुंडच्या घरात शेजाऱ्यांनी दिलेले मोदक खात बसले आणि तिकडे आई एकटी नैवेद्याला राबली. इतका राग आला होता की मोदकसुद्धा कडू लागले. पुढच्या वर्षी माझी सीट मीच काढणार, हे तेव्हाच ठरलं.

पण काढणार कशी? वेबसाइट उघडली की गणपतीची आरती आपोआप सुरू व्हायची, झांजांसकट, आणि त्यात फोनमधल्या बाईचा आवाज बुडून जायचा. पान बदललं की आरती पुन्हा पहिल्यापासून. त्यात सीटा नुसत्या रंगांनी दाखवलेल्या, हिरवी रिकामी, लाल भरलेली. बाई बिचारी "बटण, बटण, बटण" करत सुटायची.

मंडळाचे सेक्रेटरी नात्याने माझे काका लागतात. आरती बंद करायला सांगायला त्यांना फोन केला, तर म्हणाले, "वेबसाइट झकास आसा गो, माझ्या सुनेन केल्यान. आणि देवाची आरती मध्येच तोडूची? भलताच काय सांगतंस?"

बोलून उपयोग नव्हता. रविवारी मंडळाच्या मिटिंगला गेले, माझा विषय आला तसा फोनचा आवाज मोठा केला आणि वेबसाइट उघडली. आरती लागली, खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आरतीला बसून कोण राहणार? आरती संपली, मंडळी बसली. मी पुढचं पान उघडलं. पुन्हा आरती, पुन्हा सगळे उभे. काकांचे गुडघे दुखतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सीटांच्या पानावर पोचले तेव्हा काकाच म्हणाले, "पुरे गो बाय. किती वेळा उठवतंस?"

"मला तर अजून सीट धरायचीय, काका," मी म्हटलं. "आरती बटण दाबल्यावरच लागू दे. आपोआप लागलीच नाही, तर तोडायचा प्रश्न येतो कुठे?"

काका कण्हत खुर्चीत बसले. त्यांची सून मात्र हसत हसत लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, तुम्ही सांगा, मी बदलते." मग काय, मी सांगत गेले. प्रत्येक सीटला नंबर दे, खिडकी आहे का ते लिही, रिकामी की भरलेली तेही लिही. ती बदलायची, मी फोनवर ऐकून बघायचे. चहा येऊन गार झाला तरी आम्ही उठलो नाही.

बुकिंगच्या दिवशी मी ऑफिसमध्ये डबा खात होते. वेबसाइट उघडली, कुठे काही वाजलं नाही. "सीट बारा, खिडकी, रिकामी," फोनमधली बाई स्वच्छ म्हणाली. त्याच वेळी चुलतभावाचा फोन. "यार, मी कामात अडकलोय. माझी पण काढ ना!" काढली. खिडकी मात्र त्याला दिली नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. दरवर्षीसारखंच तिने काळजीने विचारलं, "यंदा भाऊ घेऊन येता मां तुका?"

"नाय गो आये," मी म्हटलं. "यंदा मी तेका घेऊन येतंय."