सलाइनवरचा टोमॅटो

"काय म्हणतायत आपले पेशंट?"

सकाळी ड्यूटीवर निघताना सिस्टर हे विचारायच्या. नवख्याला वाटायचं, वॉर्डाची चौकशी चाललीय. पण त्या क्वार्टरमागच्या वाफ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या असत आणि समोर असत चार मरतुकडी मिरचीची रोपं.

मध्य प्रदेशातल्या कुक्षीच्या दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीत बसायचो. मी धारचा, सिस्टर देवासच्या. मराठी बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्या बागेची सगळी सुखदुःखं माझ्या कानावर यायची. मला त्या माळवी वळणानं 'भिया', म्हणजे भैया, म्हणायच्या. आयुष्यभर त्यांनी भाजी फक्त भाजीवाल्याच्या ठेल्यावर पाहिलेली. निवृत्ती जवळ आली तशी एकाएकी मनात आलं, आपण लावून बघू.

पहिली मेथी त्यांनी इतकी खोल पुरली की ती वर आलीच नाही. धने न रगडता अख्खेच पेरले आणि रोज वाकून वाट पाहिली. मिरचीला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी. मुळं कुजली.

"पाणी जास्त झालं, सिस्टर."

"ओव्हरडोस," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "चूक माझी, भिया. पेशंटचं काही चुकलं नाही."

उन्हं तापू लागली आणि नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. सिस्टरांनी सलाइनच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, बूड कापून काठ्यांना उलट्या टांगल्या, नळ्या नव्यानं लावलेल्या टोमॅटोच्या रोपांच्या मुळाशी सोडल्या आणि नळीवरची चाकी फिरवून थेंब लावला. डॉक्टरसाहेब कुंपणाशी थांबून हसले. "सिस्टर, आज कितने भर्ती हुए?"

"सब सीरियस हैं सर. छुट्टी किसी की नहीं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या वेडाला आपण आधी हसतो आणि मग रोज जाऊन डोकावतो. एका टोमॅटोला फळ धरलं. पिकलं की देवापुढे ठेवणार, असं सिस्टरांनी जाहीर केलं. येणारा-जाणारा त्याचा रंग बघून जायचा. मीसुद्धा.

त्याच दिवसांत गंधवानीकडच्या खेड्यातली एक लहान मुलगी भरती झाली. ताप उतरला, पण पोर काही खाईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आई घास घेऊन बसायची; सिस्टर रागवायच्या, लाडीगोडी लावायच्या. पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या. इंदूरला पाठवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तशी आई रडायलाच लागली.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी पोरीला कडेवर उचललं आणि वाफ्यापाशी खाट टाकून बसवलं. "देख, ये मेरे मरीज हैं. पानी रुके तो आवाज देना."

पोर थेंबांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून दाराकडे बोट दाखवलं. मग रोजचीच ड्यूटी झाली. पाणी थांबलं की बारीक आवाजात हाक यायची, "बाई."

एकदा मी चहाचा कप घेऊन तिथंच उभा होतो. पोरीनं हात लांब केला, तो लालभडक टोमॅटो तोडला आणि सरळ चावा घेतला. आई हात उगारून धावली. सिस्टरांनी तो हात वरच्यावर धरला. "रहने दे. खा रही है न?"

मग मला म्हणाल्या, "लक्ष ठेवा," आणि घराकडे पळाल्या. नर्स पळाली की पेशंट घाबरतो, असं नव्या मुलींना शिकवणारी ही बाई, साडी सावरत पळत होती. परतल्या त्या मुठीत मीठ घेऊन.

पोरीनं मीठ लावून लावून टोमॅटो संपवला. रस पार कोपरापर्यंत ओघळला. सिस्टर तिथंच मातीत बसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. सकाळी पोरीनं मक्याची रोटी मागितली. इंदूरचं नाव पुन्हा निघालं नाही. थोड्याच दिवसांत ती आईचं बोट धरून चालत घरी गेली.

सिस्टर निवृत्त होऊन देवासला गेल्या. क्वार्टरात दुसरं कुटुंब आलं. वाफ्याच्या जागी आता मोटारसायकल उभी असते.

परवा देवासला गेलो, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्या घरी कुठं सापडतात? मागच्या गल्लीत बघा."

मागच्या गल्लीत सिस्टर शिडीवर चढून कोणाच्या तरी दुधीला मांडव बांधत होत्या. खाली दोन म्हातारे शिडी धरून आपसात वाद घालत होते आणि शिडी हलत होती. मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि जाऊन शिडीचा खालचा दांडा घट्ट धरला.